एरिका मान आणि तिचे 'मिऱ्यांचे जाते'

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने कॅबरेवर बोलावयास उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्यातून 'कॅबरे' हा शब्द आपल्याकडे हॉटेलांतील नाचगाण्यांच्या जाहिरातींतून आला आणि त्याच अर्थाने रूढ झाला. तेव्हा प्रथम शब्दाचा उलगडा केलेला बरा. जर्मन भाषेत कॅबरे म्हणजे राजकीय व सामाजिक उपहासाचा छोटा रंगमंच. बिअरगृहाच्या बाजूची एखादी खोली, काही टेबले, लहानसा मंच, एक पियानो आणि चार-सहा नट. गाणी, छोटे प्रवेश, नकला, आणि या सर्वांना एका सूत्रात गुंफून प्रेक्षकांशी थेट बोलणारा निवेदक. आपल्या वगातला सोंगाड्या भर दरबारात राजाला चार शब्द सुनावतो, त्याच जातीचे हे काम आहे. पॅरिसमध्ये १८८१ साली 'काळे मांजर' या नावाची अशी पहिली प्रसिद्ध जागा निघाली. १९०१ साली बर्लिन आणि म्युनिक येथे हा प्रकार आला. म्युनिकच्या मंडळीचे नावच 'अकरा जल्लाद' असे होते, आणि तिच्यात गाणारा नाटककार वेडेकिंड हा कैसरची थट्टा करणारी कविता लिहिल्याबद्दल त्यापूर्वीच तुरुंगवास भोगून आलेला होता.

या परंपरेतील एका कलावतीचे चरित्र आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. तिचे नाव एरिका मान. जन्म १९०५, मृत्यू १९६९. तिच्या आयुष्यात प्रसंग पुष्कळ आहेत. पण माझा हेतू केवळ प्रसंग सांगण्याचा नाही. हुकूमशाही एखाद्या कलावंताला देशाबाहेर घालविते तेव्हा त्याच्यापासून नेमके काय हिरावून घेतले जाते, आणि ज्या शेजाऱ्यांच्या दारी तो जातो त्यांची कसोटी कोठे लागते, हे दोन प्रश्न या चरित्रातून स्पष्ट होतात. राजकीय कार्यकर्त्यांनी त्यांचा विचार करावयास हवा, असे मला वाटते.

राजकारण दारात आले

एरिका ही कादंबरीकार थॉमस मान यांची थोरली मुलगी. आई काट्या ही म्युनिकच्या एका श्रीमंत, मूळच्या ज्यू घराण्यातील. एरिकाच्या पाठचा भाऊ क्लाउस तिच्याहून एकच वर्षाने लहान. दोघे जुळ्या भावंडांसारखी वाढली. एरिकाने बर्लिनला माक्स राइनहार्टच्या रंगभूमीवर अभिनयाचे धडे घेतले, १९२६ साली गुस्ताफ ग्रुंडगेन्स या नटाशी विवाह केला, तो १९२९ साली मोडला. भावाबरोबर जगप्रवास झाला, मुलांसाठी पुस्तके लिहून झाली, १९३१ साली दहा हजार किलोमीटरची मोटार-शर्यतही तिने जिंकली. थोडक्यात, सुखवस्तू घरातील एका हुशार आणि धीट मुलीचे हे आयुष्य होते. कोणत्याही पक्षाची ती सभासद नव्हती, आणि राजकारण हा आपला विषय आहे असे तिला तोवर वाटलेही नव्हते.

तिला राजकारणात ओढले ते विरोधकांनी. १३ जानेवारी १९३२ रोजी म्युनिकमध्ये शांततावादी स्त्रियांची एक सभा होती. तीत एरिकाने युद्धविरोधी मजकूर वाचून दाखविला. नाझींनी सभेत गोंधळ घातला आणि त्यांच्या वृत्तपत्रांनी तिच्यावर अत्यंत गलिच्छ भाषेत हल्ला चढविला. एका नाट्यगृहाने घाबरून तिच्याशी झालेला करार मोडला. एरिका न्यायालयात गेली आणि जिंकली. परंतु काम गेले ते गेलेच. न्यायालय अजून शाबूत आहे, कायदा तुमच्या बाजूने निकाल देत आहे, आणि तरीही मालक तुम्हाला काम देण्यास धजत नाही, ही अवस्था हुकूमशाहीच्या आधी येत असते. जर्मनीत ती १९३२ सालीच आलेली होती.

या अनुभवातून कॅबरे काढण्याची कल्पना निघाली. सोबत क्लाउस होता, संगीतकार माग्नुस हेनिंग होता, आणि टेरेझे गीझे ही म्युनिकच्या रंगभूमीवरील थोर अभिनेत्री होती. मंडळीचे नाव ठेवले 'प्फेफरम्यूले'. मिरपूड करण्याचे जे छोटे यंत्र युरोपात जेवणाच्या टेबलावर असते, ते हे. आपण त्याला 'मिऱ्यांचे जाते' म्हणू. हे नाव वडिलांनी जेवताना टेबलावरचे ते यंत्र उचलून सुचविले, असे सांगतात.

१ जानेवारी १९३३ रोजी म्युनिकच्या 'बोनबोनिएर' नावाच्या छोट्या नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. जवळच होफब्रॉयहाउस हे प्रचंड बिअरगृह होते. तेथेच १९२० साली हिटलरने आपल्या पक्षाचा पंचवीस कलमी कार्यक्रम जाहीर केला होता. प्रयोगांना गर्दी लोटली. महिनाभरात, ३० जानेवारीला, हिटलर चॅन्सेलर झाला. फेब्रुवारीतही प्रयोग चालू राहिले. अधिक मोठ्या जागेत जाण्याची बोलणी चालली होती. २७ फेब्रुवारीला राइशस्टागला आग लागली, दुसऱ्या दिवशी नागरिकांचे मूलभूत हक्क रद्द झाले, आणि ९ मार्चला बव्हेरियाचे सरकार नाझींनी ताब्यात घेतले. थॉमस मान त्या वेळी व्याख्यानांच्या दौऱ्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये विश्रांतीसाठी थांबले होते. मुलांनी त्यांना दूरध्वनी केला: येथे हवा फार वाईट आहे, घरात साफसफाई चालू आहे, परत येऊ नका. अर्थ समजावयास वडिलांना थोडा वेळ लागला. क्लाउसने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, घरचा मोटारचालक अनेक वर्षे नाझींना बातम्या पुरवीत होता. त्यानेच त्या दिवशी मुलांना सावध केले. मार्चच्या मध्यास दोघांनी देश सोडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत म्युनिकपासून हाकेच्या अंतरावर डाखाउची छळछावणी सुरू झाली.

मागे राहिलेल्यांचे काय झाले, हेही येथेच सांगितले पाहिजे. बर्लिनच्या 'काटाकोंबे' या कॅबरेचा निवेदक व्हेर्नर फिंक शब्दांच्या कोलांट्यांनी दोन वर्षे तग धरून होता. मे १९३५ मध्ये ते बंद करून त्याला छळछावणीत टाकण्यात आले. कवी आणि अराजकवादी एरिश म्युझाम याचा जुलै १९३४ मध्ये छावणीत खून झाला. व्हिएन्नाचा लोकप्रिय विनोदी नट फ्रित्झ ग्र्युनबाउम १९४१ च्या जानेवारीत डाखाउ येथे मरण पावला. कुर्ट गेरोन हॉलंडपर्यंत पळाला होता. तेथे सापडला आणि १९४४ मध्ये आउशविट्झला मारला गेला. ही नावे पाहिली म्हणजे एरिकाचे देशत्याग करणे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता, हे ध्यानात येते.

न बोललेले नाव

३० सप्टेंबर १९३३ रोजी झुरिकच्या जुन्या वस्तीतील 'हॉटेल हिर्शेन'मध्ये मिऱ्यांचे जाते पुन्हा फिरू लागले. परंतु परिस्थिती पालटलेली होती. स्वित्झर्लंडमध्ये परदेशीयांवर देखरेख ठेवणारे वेगळे पोलीस खाते होते. राहण्याचा परवाना, काम करण्याचा परवाना, दोन्ही त्याच्या हातात. आणि आश्रित परदेशीयाने राजकारण करू नये ही त्यामागची अट. मंडळीला कोणी धनिक पोशिंदा नव्हता. तिकीटविक्रीवर पोट चालावयाचे. म्हणजे परवाना गेला की त्याच रात्री भाकरी गेली.

या अटीतून एरिकाने जी रीत काढली ती अत्यंत मोलाची आहे. तिच्या कार्यक्रमात हिटलरचे नाव कधी घेतले गेले नाही. जर्मनीचेही नाही. बहुतेक मजकूर ती स्वतःच लिहीत असे, काही क्लाउस लिही. परीकथा, बडबडगीत, स्वयंपाकी, रुग्णपरिचारिका, दुकानदारीण अशी साधी सोंगे येत. एका गाण्यात ती स्वतः काळा गणवेष आणि उंच बूट घालून येई आणि आपण असत्याच्या देशाचे राजपुत्र आहोत असे सांगे. गीझेसाठी क्लाउसने एक प्रवेश लिहिला होता; त्यात ती साक्षात मूर्खता बनून मंचावर येई आणि आपले राज्य किती सुखात चालले आहे याचे वर्णन करी. प्रेक्षक हसत, आणि हसता हसता मध्येच गप्प होत.

या रीतीचे मर्म काय? अर्धे वाक्य मंचावर उच्चारले जाते आणि उरलेले अर्धे प्रेक्षक मनात पुरे करतो. तो केवळ श्रोता राहत नाही, भागीदार होतो. भाषणात वक्ता सर्व काही सांगून मोकळा होतो आणि श्रोता मान डोलावून घरी जातो. येथे अर्थ लावण्याचे काम श्रोत्यालाच करावे लागते, आणि स्वतः लावलेला अर्थ माणूस सहसा विसरत नाही. दुसरे असे की, या रीतीमुळे सत्तेची विलक्षण कोंडी होते. गाण्यात कोणाचे नाव नाही. आता ज्याला तक्रार करावयाची असेल त्याला आधी असे कबूल करावे लागते, की असत्याच्या देशाचा राजपुत्र कोण हे आपण ओळखले आहे! जर्मन वकिलातींनी ही कबुली वारंवार दिली. बर्नपासून हेगपर्यंत त्यांचे निषेध जात राहिले.

कादंबरीकार योझेफ रोट हा स्वतः निर्वासित होता. त्याने १९३५ साली एरिकाला लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता, की रानटीपणाविरुद्ध आम्ही सगळे लेखक मिळून जे करतो त्याच्या दसपट काम तुम्ही करीत आहात. रोटला निर्वासित लेखकांची अडचण ठाऊक होती. त्यांची पुस्तके अ‍ॅम्स्टरडॅममध्ये छापली जात, पण जर्मन वाचकापर्यंत ती पोहोचत नसत. कॅबरेचा प्रेक्षक मात्र समोर बसलेला होता. झुरिक, बासल, प्राग, अ‍ॅम्स्टरडॅम येथील तो सामान्य नागरिक होता आणि त्याला जर्मन समजत होते. आपल्या देशात उद्या काय होणार याची त्याला कल्पना नव्हती. ती देणे हेच या मंडळीचे कार्य होते.

चांगल्या शेजाऱ्याची कसोटी

१६ नोव्हेंबर १९३४ च्या रात्री झुरिकच्या कुर्झालमध्ये प्रयोग चालू असता स्विस नाझींच्या, म्हणजे 'फ्रंट'वाल्यांच्या, टोळीने सभागृहात दंगल केली. शिट्ट्या, खुर्च्यांची फेकाफेक, ज्यूंविरुद्ध आणि निर्वासितांविरुद्ध घोषणा असा प्रकार झाला. पुढे अनेक दिवस पोलीस बंदोबस्तात प्रयोग करावे लागले. दंगेखोरांत जेम्स श्वार्झेनबाख नावाचा एका उद्योगपती घराण्यातील तरुण होता. त्याचीच एक नातेवाईक, लेखिका आनेमारी श्वार्झेनबाख, ही एरिकाची निकटची मैत्रीण. तिने वृत्तपत्रातून उघडपणे मंडळीची बाजू घेतली आणि घरच्यांचा रोष पत्करला. या जेम्सचे नाव पुढेही ऐकू येते. देशातील परकीयांची संख्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नये, या मागणीसाठी १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत झाले, त्याचा प्रणेता हाच. सुमारे ५४ टक्के मतदारांनी ती मागणी फेटाळली. त्या वेळी त्याचा रोख इटलीहून आलेल्या मजुरांवर होता. छत्तीस वर्षांत लक्ष्य बदलले, वृत्ती बदलली नाही.

दंगलीनंतर काय झाले ते पाहण्याजोगे आहे. झुरिक शहराचा कारभार १९२८ पासून सामाजिक लोकशाहीवाद्यांच्या हाती होता आणि १९३३ च्या निवडणुकीत फ्रंटवाल्यांशी टक्कर देऊन त्यांनी तो राखला होता. प्रयोगांना पोलीस संरक्षण मिळाले. परंतु प्रांताच्या पातळीवर निराळाच विचार झाला. दंगल केली कोणी, हा प्रश्न बाजूला पडला आणि दंगल झाली कोणामुळे, हा प्रश्न पुढे आला. परदेशी कलावंतांच्या राजकीय कॅबरेला बंदी घालणारा निर्णय झाला. लोकांनी त्याचे नावच 'मिऱ्यांच्या जात्याचा कायदा' असे पाडले. दगड मारणाऱ्याने अशांतता माजवावयाची आणि शांतताभंगाचा ठपका ज्याला दगड लागला त्याच्यावर ठेवावयाचा, ही युक्ती जुनी आहे. ती वापरण्यासाठी हुकूमशहा असावे लागत नाही. भित्रे लोकशाही सरकारही ती वापरते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून येथे एक गोष्ट नमूद करतो. जर्मनी हा स्वित्झर्लंडचा सर्वांत मोठा व्यापारी शेजारी होता. जागतिक मंदीत जर्मनीने परकीय चलन बाहेर जाऊ देणे बंद केल्यावर १९३४ च्या उन्हाळ्यात दोन्ही देशांत क्लिअरिंगचा, म्हणजे आयात-निर्यातीचे हिशेब परस्पर वळते करून घेण्याचा, करार झाला. कारखानदारांची येणी, बँकांची व्याजे, हॉटेलांचे जर्मन प्रवासी हे सर्व या कराराच्या दोरीला टांगलेले होते. बर्लिनचा निषेध-खलिता बर्नला पोहोचे तेव्हा त्याच्यामागे हे सर्व हिशेब उभे असत. तटस्थता हा शब्द त्या देशाच्या परंपरेतला खरा आणि आदरणीय शब्द आहे. परंतु तटस्थतेच्या नावाखाली पुष्कळदा जमाखर्चच बोलत असतो. कॅबरेच्या बाबतीत तो बोलला, आणि चार वर्षांनी त्याहून भयंकर बाबतीत बोलला. १९३८ साली स्विस अधिकाऱ्यांच्या आग्रहाला मान देऊन जर्मनीने आपल्या ज्यू नागरिकांच्या पासपोर्टवर 'जे' हे अक्षर उमटविण्याचे मान्य केले, जेणेकरून सरहद्दीवर त्यांना ओळखून परत लावता यावे. याबद्दल स्विस सरकारने जाहीर क्षमा मागितली ती १९९५ साली.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच झुरिकच्या मुख्य नाट्यगृहाने अनेक निर्वासित नटांना आश्रय दिला. ब्रेख्टच्या 'मदर करेज'चा पहिला प्रयोग १९४१ साली तेथेच झाला आणि त्यात मुख्य भूमिका टेरेझे गीझेची होती. मिऱ्यांच्या जात्याच्या प्रेरणेने १९३४ च्या मे महिन्यात त्याच हॉटेल हिर्शेनमध्ये 'कॉर्निशोन' हे स्विस नागरिकांचे कॅबरे निघाले. परदेशीयांना लागू असलेली बंदी नागरिकांना लागू नव्हती. पाहुणीच्या तोंडावर हात ठेवला गेला, पण तोवर घरच्या मंडळींना तो सूर गवसला होता.

कागदाचे नाते

जून १९३५ मध्ये जर्मन सरकारने एरिकाचे नागरिकत्व रद्द केले. मिऱ्यांचे जाते हे जर्मनीविरोधी कॅबरे असून ही बाई त्याची बौद्धिक जननी आहे, असे कारण देण्यात आले. ज्या कार्यक्रमात जर्मनीचे नाव नव्हते तो जर्मनीविरोधी असल्याचा निर्वाळा खुद्द जर्मन सरकारने दिला. यापेक्षा अधिक अधिकृत रसग्रहण कोणत्या कलावंताला लाभले असेल?

पण विनोद येथे संपतो. पासपोर्ट नसलेल्या माणसाला सरहद्द ओलांडता येत नाही, आणि सरहद्दी ओलांडणे हाच या मंडळीचा उदरनिर्वाह होता. इंग्रज लेखक ख्रिस्तोफर इशरवुड याला एरिकाने विचारले, माझ्याशी लग्न करशील का? त्याने नकार दिला, पण आपला मित्र, कवी ऑडेन, याला विचारून पाहिले. ऑडेनने तारेने आनंदाने होकार कळविला. १५ जून १९३५ रोजी इंग्लंडमधील एका खेडेवजा गावी विवाह नोंदला गेला. वधूवरांची तोवर ओळखही नव्हती. एरिका ब्रिटिश नागरिक झाली. पुढल्या वर्षी गीझेचेही अशाच रीतीने जॉन हॅम्पसन या इंग्रज कादंबरीकाराशी लग्न झाले. ज्या माणसांनी आपले नाव असे उसने दिले, त्यांनी त्याचा कधी गाजावाजा केला नाही. निर्वासितांना मदत म्हणजे काय, याचे याहून साधे उदाहरण मला माहीत नाही.

१९३६ च्या वसंतात अ‍ॅम्स्टरडॅमला मंडळीचा हजारावा प्रयोग झाला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत एकूण १,०३४ प्रयोग झाले. म्युनिकच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर सुमारे साडेतीन वर्षांत, प्रवासाचे आणि विश्रांतीचे दिवस वगळता, जवळजवळ रोज एक. परंतु हॉलंडमध्येही आता अटी जाचक होऊ लागल्या होत्या. 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' अशी आपली म्हण आहे. चेकोस्लोव्हाकिया, हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग येथील प्रेक्षक तेव्हा सुपात होते. मार्च १९३९ मध्ये प्राग पडले आणि मे १९४० मध्ये उरलेले तिन्ही देश. ज्या ज्या गावी या मंडळीने इशारा दिला होता, त्यांतील स्वित्झर्लंडखेरीज जवळजवळ सर्व गावे चार वर्षांत नाझींच्या टाचेखाली गेली.

न्यूयॉर्कमध्ये जाते थांबले

यानंतर एरिकाने अमेरिकेचा रस्ता धरला. ५ जानेवारी १९३७ रोजी न्यूयॉर्कमधील एका गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावरील सभागृहात मिऱ्यांच्या जात्याचा इंग्रजी प्रयोग झाला. तो साफ पडला. थोड्याच दिवसांत मंडळी मोडली. नर्तिका लोटे गोस्लार अमेरिकेत राहिली, गीझे युरोपात परतली.

हे अपयश आपण नीट समजून घेतले पाहिजे. तेथे बंदी नव्हती, दंगल नव्हती, पोलीस नव्हते. पूर्ण स्वातंत्र्य होते. नट तेच, गाणी तीच, भाषांतरेही चांगल्या हातांनी केलेली. नव्हता तो वाक्य पुरे करणारा प्रेक्षक. न्यूयॉर्कच्या रसिकाला परीकथेमागचा राजपुत्र सांगून समजावयाचा, आणि विनोद समजावून सांगावा लागला की तो उरत नाही. जे काम गोबेल्सच्या खात्याला आणि फ्रंटवाल्यांच्या शिट्ट्यांना तीन वर्षांत साधले नव्हते, ते अंतराने आणि परक्या भाषेने एका आठवड्यात साधले.

निर्वासनाचे खरे स्वरूप येथे दिसते. घर, बँकेतील पैसे, पासपोर्ट ही हानी मोजता येते. आणि त्यांपैकी पुष्कळशी भरूनही निघते. कलावंताचा अर्धा शब्द ऐकून पुढचा अर्धा मनात म्हणणारा समाज ही न मोजता येणारी संपत्ती आहे, आणि ती सरहद्दीपलीकडे नेता येत नाही. आपल्याच काळातील उदाहरण घ्यावयाचे तर इजिप्तच्या बासेम युसेफचे घ्या. त्याचा राजकीय उपहासाचा दूरचित्रवाणी-कार्यक्रम कोट्यवधी अरबी प्रेक्षक पाहत. तो २०१४ साली बंद पडला, त्याला देश सोडावा लागला, आणि अमेरिकेत जाऊन इंग्रजीत नव्याने ओनामा गिरवावा लागला. ऐंशी वर्षांत तंत्र किती बदलले. दुःख तेच राहिले.

एरिका मात्र खचून बसली नाही. प्रेक्षक वाक्य पुरे करू शकत नसेल तर ते आपणच पुरे करावे, असे तिने ठरविले. तिने इंग्रजी आत्मसात केले आणि व्याख्यात्री झाली. मार्च १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील नाझीविरोधी महासभेत ती हजारो लोकांपुढे बोलली. त्यानंतर वर्षानुवर्षे अमेरिकेच्या गावोगावी, महिला मंडळांपासून विद्यापीठांपर्यंत, तिचे दौरे चालले. नाझी राजवटीतील शिक्षणावर १९३८ साली तिने लिहिलेल्या पुस्तकाच्या पहिल्या तीन महिन्यांतच सुमारे ४०,००० प्रती खपल्या. मुलांच्या अंकगणिताच्या पुस्तकात बाँबफेकी विमानांची उदाहरणे घालून त्यांना युद्धासाठी कसे घडविले जात होते, याचे त्यातील दर्शन आजही वाचकाला अस्वस्थ करते. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव चालू असता ती तेथे जाऊन बीबीसीवरून जर्मन श्रोत्यांशी त्यांच्याच भाषेत बोलली. पुढे युद्धवार्ताहर म्हणून अमेरिकन सैन्याबरोबर ती युरोपात उतरली. १९४५ च्या उन्हाळ्यात लक्झेंबर्गमधील ज्या हॉटेलात ग्योरिंग, श्ट्रायखर आदी नाझी पुढारी कैदेत ठेवले होते तेथे जाऊन तिने त्यांना पाहिले. पाहुणी कोण होती हे त्यांना मागाहून कळले.

विजयानंतर

येथे थांबलो तर कथा गोड होईल, पण ती खरी होणार नाही. युद्ध संपले आणि दोन वर्षांत शीतयुद्ध सुरू झाले. स्पष्ट बोलणारी, शस्त्रस्पर्धेविरुद्ध बोलणारी, पश्चिम जर्मनीत जुने नाझी पुन्हा खुर्च्यांवर बसत आहेत असे सांगणारी बाई आता अमेरिकेत संशयास्पद ठरली. गुप्त पोलिसांनी तिच्यावर पाळत ठेवली, ओळखीच्या माणसांना प्रश्न विचारले. व्याख्यानांची निमंत्रणे आटली. नागरिकत्वाचा अर्ज वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. डिसेंबर १९५० मध्ये तिने तो स्वतःच मागे घेतला. म्युनिकमध्ये वृत्तपत्रांनी तिला कम्युनिस्टांची हस्तक ठरविले. १९३२ साली जे घडले होते त्याचा सौम्य पडसाद तिला अठरा वर्षांनी, जर्मनीचा पराभव करणाऱ्या देशात, ऐकावा लागला. कायदा शाबूत होता, फक्त बोलावणारे उरले नव्हते.

दरम्यान मे १९४९ मध्ये क्लाउसने कान येथे जीवनाचा अंत करून घेतला होता. ग्रुंडगेन्स, तिचा पहिला पती, जर्मनीतच राहिला होता. ग्योरिंगच्या आश्रयाने तो बर्लिनच्या सरकारी नाट्यगृहाचा प्रमुख झाला. त्याने काहींना संकटातून सोडविले हेही खरे. परंतु त्याच्या उत्कर्षाची किंमत काय होती, हा विषय क्लाउसने १९३६ साली 'मेफिस्टो' या कादंबरीत घेतला होता. ग्रुंडगेन्सच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसाने दावा लावला, आणि पश्चिम जर्मनीच्या घटना-न्यायालयाने १९७१ साली त्या कादंबरीवरील बंदी उचलून धरली. ती तेथे पुन्हा प्रसिद्ध झाली १९८१ साली. राहिलेल्याची अब्रू कायद्याने जपली, गेलेल्याचे पुस्तक अडकून पडले.

१९५२ साली एरिका आईवडिलांसह स्वित्झर्लंडला परतली. उरलेली वर्षे तिने वडिलांच्या आणि भावाच्या साहित्याची व्यवस्था लावण्यात घालविली; वडिलांच्या पत्रांचे तीन खंड संपादित केले. कॅबरे तिने पुन्हा काढले नाही. २७ ऑगस्ट १९६९ रोजी झुरिकमध्ये, जेथे तिच्या गाण्यांवर बंदी आली होती त्याच शहरात, तिचे निधन झाले.

मित्रहो, आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळतो. कलावंतापासून काय हिरावले जाते, याचे उत्तर न्यूयॉर्कच्या त्या पडलेल्या प्रयोगात आहे. शेजाऱ्याची कसोटी कोठे लागते, याचे उत्तर झुरिकच्या दंगलीनंतरच्या निर्णयात आहे. पाहुण्याला कोठडीत टाकावे लागत नाही; "शेजाऱ्याला दुखवू नका, शांतता राखा" एवढे सौम्य शब्द पुरतात. असे शब्द कानी पडतील तेव्हा त्यामागे कोणाची येणी-देणी उभी आहेत, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांना उद्देशून सांगतो. आपल्या चळवळीत भाषणे पुष्कळ होतात. त्यांची गरज आहेच. परंतु आपण सर्व वाक्ये स्वतःच पुरी करतो. समोरच्या माणसासाठी काहीच उरवीत नाही. एरिका मानच्या मंडळीने जे केले ते पियानो, पाच-सहा माणसे आणि न उच्चारलेले एक नाव एवढ्या भांडवलावर केले, आणि त्या भांडवलाचा सर्वांत मोठा हिस्सा प्रेक्षकांचा होता. हे उपहासाचे सामर्थ्य आहे आणि तीच त्याची मर्यादाही आहे. प्रेक्षकाने आपला हिस्सा देण्याचे थांबविले, भीतीने असो वा सोयीने, की अत्यंत प्रतिभावान कलावंतही हतबल होतो. म्हणून ज्या दिवशी एखाद्या नटाला, शाहिराला, व्यंगचित्रकाराला अर्ध्या वाक्यावर थांबविले जाईल, त्या दिवशी उरलेले अर्धे वाक्य मनात न ठेवता मोठ्याने म्हणण्याची जबाबदारी आपली असते.